मांजरींसाठी गर्भनिरोधक गोळी: कधी द्यायची, कशी द्यायची आणि कधी अजिबात द्यायची नाही

दालमिल असो, जिनिंग असो, मार्केट यार्डातलं आडतीचं दुकान असो नाहीतर भुसावळची रेल्वे क्वार्टर्स, जिथं धान्य तिथं उंदीर आणि जिथं उंदीर तिथं मांजरी असणारच, त्यात कुणी रोज खायला टाकणारं भेटलं की दोनाच्या आठ कधी होतात ते कळतसुद्धा नाही. मग शेजारचे नाना ओरडतात, कुणीतरी पोत्यात भरून तापीपलीकडे सोडून यायची भाषा करतं, आणि खाऊ घालणाऱ्या ताई मेडिकलवर जाऊन हळूच विचारतात, "दादा, मांजरीला बंद करायची काही गोळी येते का?"

येते. पण ती ज्या कामाची आहे असं लोकांना वाटतं त्या कामाची ती नाही. गोळीने गल्लीतल्या मांजरी कमी होत नाहीत, गोळीने फक्त वेळ मिळतो, ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंतचा वेळ. आणि आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे हा वेळ खरंच लागतो कारण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गाय-म्हैस-शेळीचंच काम इतकं असतं की मांजरीची नसबंदी म्हटलं की जिल्ह्याच्या गावाला नाहीतर थेट नाशिकला जायचं, नंबर लावायचा, गाडी बघायची, पैसे जमवायचे. दोन-तीन महिने सहज जातात आणि मांजरीला तेवढे पुरेसे असतात, कारण ६३ ते ६५ दिवसांत ती वितेसुद्धा.

आधी मांजरीचं गणित

मांजरीचा माज दिवसाच्या उजेडावर चालतो. डिसेंबर संपला, दिवस मोठा व्हायला लागला की संक्रांतीच्या आसपास बोक्यांची रात्रीची कोकलाकोकली चालू होते ती उगीच नाही. माजावर आलेली मांजर गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांत परत माजावर येते. शिवाय तिचं बीज समागम झाल्यावरच सुटतं, त्यामुळे नेम सहसा चुकत नाही. पिल्लं अंगावर पीत असतानाच परत गाभण राहणं हे तर नेहमीचंच. पहिला माज पाचव्या-सहाव्या महिन्यात येऊ शकतो, कधी चौथ्यातही, म्हणजे दिवाळीत जन्मलेलं जे पिल्लू तुम्ही अजून "पिल्लू" म्हणताय ते होळी-गुढीपाडव्याला आई व्हायच्या तयारीत असतं.

व्हॉट्सॲपवर एक आकडा फिरतो की एका जोडीपासून सात वर्षांत चार लाख वीस हजार मांजरी होतात. तो हिशोब सगळी पिल्लं जगतात असं धरून केलेला आहे, प्रत्यक्षात उघड्यावरची बरीचशी पिल्लं सहा महिन्यांच्या आतच जातात. घाबरून जाण्यासारखा आकडा नाही, पण प्रत्येक वेताला निम्म्याहून जास्त पिल्लं गटारात नाहीतर गाडीखाली मरताना बघायची, हेही काही चांगलं नाही.

गोळी कोणती

मांजरींसाठी जगभर जी वापरली गेली ती मेजेस्ट्रॉल ॲसिटेट, प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं बनवलेलं हार्मोन. १९७० च्या दशकापासून कुत्र्या-मांजरांत वापरात आहे. ते मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोप दाबून ठेवतं म्हणून माज येत नाही. सुरुवातीला लोकांनी मोठे डोस वर्षानुवर्षं दिले, त्यातून गर्भाशयात पू होणं, स्तनाच्या गाठी, कॅन्सर, डायबेटिस असं सगळं निघालं आणि औषध बदनाम झालं. २०१३ मध्ये पशुवैद्यकीय संशोधकांनी जुनी माहिती परत तपासून विचारलं की कमी डोसमध्ये, भटक्या मांजरींसाठी, ऑपरेशनच्या जोडीला हे चालू शकतं का. जोडीला हा शब्द इथे महत्त्वाचा, ऑपरेशनऐवजी असं कुणी म्हटलेलं नाही.

आता माणसांच्या गोळ्यांचं बोलू, कारण खरी गडबड तिथेच होते. सरकारी दवाखान्यात माला-एन फुकट मिळते म्हणून तीच चुरून भातात घालणारे लोक आहेत. माला-एन, माला-डीमध्ये दोन हार्मोन असतात, त्यातलं एक इस्ट्रोजेन, आणि बाईच्या शरीराला बेतलेली ती रोजची गोळी तीन किलोच्या मांजरीला द्यायची नाही. "छाया" आठवड्याची असते म्हणून ती चालेल असं काहींना वाटतं, ते औषधच वेगळं आहे, तेही नाही. "अंतरा"चं इंजेक्शन मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचं, मेजेस्ट्रॉलच्याच खानदानातलं, पण एकदा टोचलं की परत काढता येत नाही. गोळीचा त्रास दिसला तर पुढच्या आठवड्यात गोळी बंद करता येते, इंजेक्शनचा त्रास दिसला तर आपण नुसतं बघत बसायचं.

डोस, आणि तो घरी का करायचा नाही

पशुवैद्यकीय पुस्तकांत माज लांबवण्यासाठी जो कमी डोस दिलेला असतो तो एका मांजरीला आठवड्यातून एकदा २.५ मिलीग्रॅम. हा आकडा मी तुम्ही स्वतः द्यावं म्हणून लिहीत नाहीये, पुढचा हिशोब कळावा म्हणून लिहितोय. आपल्याकडे मेडिकलवर मेजेस्ट्रॉल मिळतं ते माणसांचं, स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरच्या पेशंटसाठी, ४० आणि १६० मिलीग्रॅमच्या गोळीत. म्हणजे ४० च्या एका गोळीत मांजरीचे १६ आठवड्यांचे डोस झाले. तुम्ही ब्लेडने पाव तुकडा केला तरी तो १० मिलीग्रॅम, म्हणजे चौपट. आणि कुणी म्हणेल की पाण्यात विरघळवून ड्रॉपरने मोजू, तर हे औषध पाण्यात विरघळतच नाही, तळाला बसतं, वरचं पाणी पिणाऱ्या मांजरीला काहीच नाही आणि शेवटी तळ चाटणारीला सगळं.

म्हणून पशुवैद्यकाकडे जायचं. त्यांना सरळ सांगायचं की डॉक्टर, एवढ्या मांजरी आहेत, ऑपरेशन अमुक महिन्यात करायचंय, तोवर माज थांबवायचाय. ते मांजरी बघून (निदान फोटो-व्हिडिओ बघून तरी) ठरवतील, चिठ्ठी देतील आणि छोटा अचूक डोस कसा बनवून घ्यायचा ते सांगतील. काही डॉक्टर सरळ नाही म्हणतील, गोळी नकोच, आठवडाभरात पिंजऱ्यात आणा म्हणतील. असा डॉक्टर भेटला तर तुमचं नशीब चांगलं, गोळीचा विषय तिथेच सोडा आणि ऑपरेशनची तारीख घ्या.

पायरी १: वही

गोळीच्या आधी किमान दोन-तीन आठवडे फक्त मोजायचं. प्रत्येक मांजरीचा मोबाईलवर फोटो, दोन्ही बाजूंनी, आणि वहीत एक ओळ: रंग, नर की मादी, अंदाजे वय, खायला किती वाजता येते, पोट दिसतंय का, थानं ओढलेली आहेत का. नावं ठेवली तर सोपं जातं, काळी, भुरी, ठिपकी काहीही चालेल, पण घरातल्या सगळ्यांनी एकच नाव वापरायचं, नाहीतर आईची "मनी" आणि पोराची "मनी" वेगवेगळ्या निघतात आणि एकीला दोनदा डोस जातो.

नर-मादी लांबून ओळखायला थोडी मदत: काळी-पिवळी-पांढरी अशी तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. पूर्ण पिवळ्यांमध्ये बोके जास्त. मोठ्या बोक्याचे गाल फुगलेले, मान जाड, कान फाटके. बोक्यांना ही गोळी द्यायची नाही, त्यांना सरळ ऑपरेशनला न्यायचं, त्यांचं ऑपरेशन छोटं असतं आणि एका दिवसात सोडता येतात.

पायरी २: कुणाला द्यायची नाही

ही पायरी लोक गाळतात आणि नंतर मांजर मेली म्हणून औषधाला शिव्या देतात. पोट दिसत असेल किंवा थानं गुलाबी आणि उठावदार झाली असतील तर ती गाभण आहे असं धरून चालायचं आणि गोळी द्यायची नाही, विताना पिल्लं अडकणं, पोटातच मरणं असे प्रकार होऊ शकतात आणि मग आईही जाते. शेपटीखालून घाण किंवा पू येत असेल तर नाही. थानांत गाठ असेल तर नाही. खूप पाणी पिणारी, खाऊनही वाळत चाललेली असेल तर डायबेटिसची शंका, नाही. आधीच माजावर येऊन बोक्यांच्या गराड्यात फिरतेय तर उशीर झालाय, तिला गोळी न देता पिंजऱ्याच्या यादीत वर घ्यायची. चार-पाच महिन्यांचं जे पिल्लू अजून माजावर आलेलं नाही त्यालाही गोळी नको, थेट ऑपरेशन.

आता एवढ्या गाळण्या लावल्यावर दहातल्या किती उरतात? कधी तीन, कधी चार. बरोबर आहे, तेवढ्याच उरायला हव्यात.

पायरी ३: वेळ कधीची

गोळी माज सुरू व्हायच्या आधी लागते. आपल्याकडे म्हणजे डिसेंबरात, थंडी असताना, हरभऱ्याला घाटे धरायच्या सुमारास म्हणा हवं तर. आणि शेवट आधीच ठरवून सुरुवात करायची, म्हणजे ऑपरेशन फेब्रुवारीत किंवा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात. कारण खान्देशात एप्रिल उजाडला की पिंजरा हीच शिक्षा होते, मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, त्या उन्हात लोखंडी पिंजऱ्यात बंद मांजर रिक्षातून नेणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. जून-जुलैत पाऊस पडला की दुसरी फेरी काढता येते, पण तोपर्यंत राहिलेल्यांचं पहिलं वेत झालेलं असतं. दोन-तीन महिने, फार तर एक हंगाम. वर्षभर गोळी चालू ठेवणार असाल तर तो वर सांगितलेल्या सगळ्या आजारांचा रस्ता आहे.

पायरी ४: प्रत्यक्ष देणं

सगळा लेख वाचायचा कंटाळा आला असेल तर निदान हे वाचा. परातीत भात कालवून त्यात गोळ्या टाकायच्या नाहीत. कधीच नाही. दांडगी मांजर तिघींचं खाते, भित्रीला काही मिळत नाही, उरलेलं कुत्रं, कावळा, मुंगूस खातं, आणि जिला काही मिळालं नाही तीच दोन महिन्यांनी पाच पिल्लं घेऊन समोर येते.

एक मांजर, एक वाटी, एक माणूस, समोर उभं राहून बघायचं. वार ठरवा, शनिवार म्हणा, दर शनिवारी त्याच वेळेला. आदल्या संध्याकाळी नेहमीपेक्षा कमी खायला द्या म्हणजे शनिवारी भूक असेल. औषध चमचाभरच खाण्यात मिसळायचं, वाटीभरात नाही. उकडलेल्या माशाचा कुस्करा, कोंबडीची उकडलेली कलेजी, किंवा आठवडे बाजारातलं सुकट धुऊन भिजवून, वासाला मांजर धावतेच. आपलं काळ्या मसाल्याचं कालवण मात्र नको, कांदा-लसूण मांजरीच्या रक्ताला घातक असतो, आणि शेवभाजीचा उरलेला रस्सा मांजरीला आवडतो हे काही कारण नाही. औषधाचा चमचा पूर्ण चाटून झाल्यावरच नेहमीचं जेवण.

एकीला देताना दुसरी मध्ये येत असेल तर दोघांनी करायचं, एकाने बाकीच्यांना दुसऱ्या टोकाला खायला घालायचं. गल्लीतला कुणीतरी विचारणारच, "काय करी ऱ्हायना भाऊ?" त्याला नीट सांगा की औषध देतोय, डॉक्टरांच्या चिठ्ठीचं आहे, नाहीतर विष घालतोय अशी बोंब व्हायला वेळ लागत नाही. आणि खरोखरच कुणी विषाची भाषा करत असेल तर त्याला हेही सांगा की जनावर मारणं-जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा.

दिली की लगेच वहीत खूण. खाल्लं नाही, अर्धं टाकलं, ओकली, तर तेही लिहायचं आणि डॉक्टरांना विचारायचं, स्वतःच्या मनाने परत डोस द्यायचा नाही. शनिवारी आलीच नाही तर रविवार-सोमवारी दिसली की द्यायची का तेही आधीच विचारून ठेवा. पुढच्या वेळी डबल, हे मात्र कधीच नाही.

हातमोजे घाला. हे हार्मोन आहे, घरात कुणी गाभ... म्हणजे कुणी पोटुशी असेल किंवा बाळाला पाजत असेल तर तिने गोळी हाताळायचीच नाही, भुकटी तर नाहीच. औषधाची वाटी-चमचा वेगळा, स्वयंपाकघरात परत न्यायचा नाही. डबी पोरांच्या हाताला लागणार नाही अशी वर.

पायरी ५: लक्ष कशावर ठेवायचं

भूक वाढेल, थोडी सुस्त होईल, अंग धरेल, एवढं चालतं. थानं अचानक फुगली, लाल झाली, लोंबायला लागली तर गोळी बंद आणि डॉक्टर, असल्या हार्मोनने मांजरीत स्तन सुजण्याचा एक ठराविक प्रकार होतो आणि तो झपाट्याने वाढतो. गटारीवर बसून सारखं पाणी पितेय, बंद. खाणं सोडलं, पोट फुगलं, मागून घाण येतेय, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता आहे आणि ते थांबण्यासारखं नाही, त्याच दिवशी न्यायचं. मधल्या काळात आपल्या डब्यातली क्रोसिन देऊ नका, पॅरासिटामॉलने मांजर मरते, अर्ध्या गोळीनेसुद्धा.

एक-दोन शनिवार चुकले आणि मांजर माजावर आली तर तिच्यासाठी गोळीचा उपयोग संपला असं समजा. परत सुरू करण्याच्या नादात ती गाभण असेल तर वर सांगितलेला धोका आलाच.

पायरी ६: पिंजरा

गोळी चालू असतानाच पिंजरा तयार ठेवायचा. वेल्डिंगवाल्याकडून बारीक जाळीचा, पाय दाबला की दार पडणारा करून घेता येतो, जाळी मोठी ठेवली तर मांजर पंजा बाहेर काढून जखमी होते. आधी आठवडाभर दार बांधून उघडंच ठेवा आणि आतच खायला घाला, सवय होते. मग ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आत खाणं, दार पाडायचं, लगेच वर चादर टाकायची, अंधार झाला की मांजर शांत बसते. मोठ्या मांजरीचं पोट रिकामं लागतं, किती तास ते डॉक्टर सांगतील, पिल्लांना फार वेळ उपाशी ठेवायचं नाही. नेणं सकाळी लवकर.

ओचकारलं किंवा चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि सरकारी दवाखान्यात रेबीजची लस घ्यायची. "मांजरच तर आहे" म्हणून टाळायचं नाही.

डॉक्टरांना दोन गोष्टी आठवणीने सांगा: मेजेस्ट्रॉल किती आठवडे दिलं आणि शेवटचा डोस कोणत्या तारखेला. या औषधाने गर्भाशयाचं अस्तर जाड झालेलं असू शकतं, आणि शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं मंदावलेलं असू शकतं, भूल देणाऱ्याला ते माहीत हवं. वहीच पुढे करा, सगळं त्यात आहे. भुलीत असतानाच कानाचं टोक कापून घ्यायचं, भटक्या मांजरींना सहसा डाव्या कानाचं कापतात, म्हणजे पुढच्या वर्षी तिला परत पकडलं जात नाही. रेबीजची लसही तेव्हाच.

मादीला निदान दोन दिवस पिंजऱ्यात, सावलीत, खाली कोरडं कापड टाकून ठेवा. टाक्याला सूज नाही, खातेय, चालतेय, मग जिथून पकडली तिथेच सोडा. दुसऱ्या गल्लीत किंवा शेतात नेऊन सोडली तर तिला तिथलं काही माहीत नसतं, आणि इकडे रिकाम्या जागी ऑपरेशन न झालेल्या नव्या मांजरी येतात.

ऑपरेशन झालेल्या मांजरीची गोळी त्याच दिवसापासून कायमची बंद, वहीत तिच्या नावापुढे लाल रेघ मारा म्हणजे शनिवारी चुकून कुणी वाटी पुढे करणार नाही. उरलेल्या गोळ्या "पुढच्या हंगामाला होतील" म्हणून कपाटात ठेवू नका आणि गटारीतही टाकू नका, डॉक्टरांकडेच परत द्या.